पंपवाल्याचं काम

पोलिसांची गाडी भोंग्यावरून नवा कायदा पुकारत गल्लीतून गेली तेव्हा एकेका शटरमधून माणसं बाहेर आली, ऐकून हसली आणि परत कामाला लागली. भोंग्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बेकायदा बंदुका-पिस्तुलं बनवणाऱ्यांना आता पूर्वीसारखी दोन-तीन वर्षं नाहीत, दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा. अख्खं हत्यार केलं पाहिजे असंही नाही, जाणूनबुजून एक भाग केला तरी तोच गुन्हा. आणि शंका येण्यासारखं काम असताना ‘आम्ही विचारलंच नाही’ ही सबब यापुढे ऐकून घेतली जाणार नाही.

पण ही गल्ली लेथवाल्यांची. इथं पंपांचे, सायकलींचे, शिवणयंत्रांचे, दवाखान्यातल्या खाटांचे सुटे भाग होत. समोरच्या स्प्रिंगवाल्याने तेलकट हात वर करून गाडीला सांगितलं, “साहेब, आधी आमच्या बायकोची जीभ जप्त करा.”

“माझ्याकडे लायसन आहे,” वरच्या खिडकीतून त्याची बायको म्हणाली, आणि गल्ली पुन्हा हसली.

टर्नरची बायकोही हसली. ती वर गॅलरीत ओले कपडे वाळत घालत होती. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात तिचा नवरा लेथवर उभा असे, तो उभा आहे की नाही हे तिला पायाखालच्या फरशीवरून कळे. मशीन चालू असलं की फरशी बारीक थरथरायची, आणि त्या थरथरीवर त्यांची मुलगी लहानपणापासून गाढ झोपत आलेली. मुलीला सगळे मुंगी म्हणत. जमिनीवर पडलेलं जे दिसेल ते उचलायचं आणि आपल्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचं, हा तिचा उद्योग. आता कुठे अडीच वर्षांची होत होती.

गल्लीची एक रीत होती. गिऱ्हाइकाने नमुना आणायचा, कारागिराने मापं घ्यायची आणि तसाच नग करून द्यायचा. कशासाठी, हे विचारायचं नाही. विचारलं की गिऱ्हाईक बिथरतं. त्याला वाटतं, हा माझी वस्तू ओळखून उद्या स्वतःच बनवून विकेल. म्हणून ‘कशासाठी’ हा शब्दच कोणाच्या तोंडी नसे. टर्नरच्या वडिलांनी आयुष्यभर एका यंत्राचा दट्ट्या केला आणि ते यंत्र कसलं हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. सासूबाई हे अभिमानाने सांगत.

गेले काही महिने एक गिऱ्हाईक नळ्या करून नेत होतं. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. फवारणीच्या पंपाच्या नळ्या, असं त्याने न विचारताच सांगितलं होतं, म्हणून त्याचं नाव पंपवाला. त्याची अट एकच, बिघडलेला नगसुद्धा भंगारात टाकायचा नाही, त्यालाच परत द्यायचा. टर्नरला यात गैर वाटलं नाही. गिऱ्हाइकांचे नाना तऱ्हेचे नखरे असतात. फक्त एक नळी तोंडाशी जरा जास्त कातली गेली, आणि इतकी चकचकीत वस्तू कोणाला परत द्यायची त्याच्या जिवावर आली. त्याने तिच्या कडा घासून मऊ केल्या आणि ती मुंगीला दिली. बिघडलेले नग तो तिलाच देई. समोरचा स्प्रिंगवालाही देई. तिचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा म्हणजे अख्ख्या गल्लीच्या चुकांचं भांडार होतं.

कपडे वाळत घालून टर्नरची बायको आत आली तेव्हा मुंगी डबा पालथा घालून बसली होती. नळीत तिने एक स्प्रिंग सारली होती आणि तिच्यामागून एक टोकदार दांडा. दांडा मागे ओढायचा आणि सोडायचा. टक. पुन्हा ओढायचा, सोडायचा. टक. आणि प्रत्येक टकला मुंगी स्वतःच दचकून खुदकन हसायची.

ती दारातच थांबली.

तिचे वडील एका गोदामावर पहारेकरी होते. सरकारी परवान्याची बंदूक दर रविवारी जुन्या चादरीवर खोलून पुसत, आणि शेवटी रिकामीच एकदा दाबून बघत. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता.

“आण गं बाळा, आई बघते,” ती म्हणाली. मुंगीने डबा छातीशी धरला. तिला साखरेचा खडा द्यावा लागला, तेव्हा कुठे सौदा झाला.

तिने वस्तू हातात घेऊन तुकडे वेगळे केले. नळी आपली. स्प्रिंग समोरच्या स्प्रिंगवाल्या भाऊजींची. दांडाही तिकडचाच, मुंगीने तिथल्या जमिनीवरून उचललेला असणार; स्प्रिंग बरोबर बसते का बघायला गिऱ्हाइकाने तो देऊन ठेवलाय, असं ते मागे म्हणाले होते. कुठलं गिऱ्हाईक, हे कोणी विचारलं नव्हतं. वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळे तुकडे, आणि एकाही दुकानात बंदूक नाही. बिघडलेले नगसुद्धा परत का हवे असतात, तेही आता कळलं.

पहिला विचार आला तो असा की, गप्प बसावं. तिच्या नवऱ्याला माहीत नाही. माहीत नाही तोवर तो निर्दोष. ती बोलली त्या क्षणी त्याला माहीत होणार, आणि मग तो नळ्या करो की न करो, त्याच्या डोक्यावर टांगती तलवार. हे तीन तुकडे कचऱ्यात फेकले, की झालं. फरशी थरथरत होती. खाली तो बहुधा पंपवाल्याचंच काम करत होता.

तिने तुकडे पदराच्या टोकात बांधले, मुंगीला कडेवर घेतलं आणि पाव आणायला म्हणून बाहेर पडली. वाटेत कचराकुंडी होतीच.

कोपऱ्यावरच्या बेकरीत काउंटरवर एक मुलगी असे. वर्षभरापूर्वी दोन टोळक्यांच्या भांडणात कोणीतरी गावठी पिस्तूल काढलं, आणि ज्यांचं भांडण होतं ते सोडून गोळी लागली ती तिला. उजवा हात आता नुसता लोंबायचा. ती डाव्या हाताने कागद ओढायची, पाव गुंडाळायची आणि दोऱ्याचं एक टोक दातांत धरून गाठ मारायची. कोणी मदतीला हात पुढे केला की म्हणायची, “राहू द्या, मला येतं.” आजही तसंच म्हणाली. मग मुंगीकडे बघून दोरा तोंडात तसाच ठेवून हसली.

टर्नरची बायको पाव घेऊन परतली. कचराकुंडी मागे राहिली आणि पदराची गाठ तशीच होती.

“मशीन बंद करा जरा,” ती दुकानात शिरत म्हणाली.

“पाच मिनिटं.”

“अहो, आत्ता.”

त्याने बटण दाबलं. लेथचा चक फिरत फिरत थांबला. तिने कामाच्या फळीवर तुकडे मांडले, मुंगीने जुळवले होते तसे जुळवले आणि दांडा ओढून सोडला.

तो जुळवलेल्या तुकड्यांवर वाकला. मग स्टुलावर बसला. “का दाखवलंस मला?” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “मला ठाऊक नव्हतं ते बरं होतं ना.”

“बरं होतं,” ती म्हणाली. “मलाही वाटलं तसं.”

“आता दहा वर्षं म्हणतायत. ऐकलंस ना सकाळी? मुंगी तेव्हा केवढी असेल.”

त्याने हात पुसायचं फडकं घेतलं आणि स्वच्छ झालेले हात पुन्हा पुन्हा पुसत राहिला. “आणि परवा पंपवाला टोपली घेऊन गेला, तीत चांगले मूठभर नग होते गं. माझ्या हातचे.”

बरोबर ठाण्यात चल म्हणायला तो स्प्रिंगवाल्याकडे गेला. ती दारातून बघत होती. आधी स्प्रिंगवाला हसला, मग हसायचा थांबला, मग त्याने मित्राला खांद्याला धरून आत नेलं. थोड्या वेळाने नवरा एकटाच परत आला.

“नाही म्हणतो. म्हणतो, काम बंद करू, मशीन बिघडलं म्हणून सांगू, पण ठाण्याची पायरी नको. चढणं आपल्या हातात, उतरणं त्यांच्या. जायचं तर तू जा म्हणाला, माझं नाव काढू नकोस. मी शब्द दिला.”

सासूबाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. “तो येत नाही का?” त्यांनी विचारलं.

“नाही, आई.”

“बरं,” म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

ठाण्यातल्या इन्स्पेक्टर बाई थकलेल्या दिसत होत्या. टेबलावर अर्धवट प्यालेला चहा, त्यावर साय. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं, तुकडे उलटसुलट करून पाहिले. मुंगीने ते आपले आहेत असं सांगून हात पुढे केला, तेव्हा बाईंनी तिला टेबलावरचा कागदावर ठेवायचा काचेचा गोळा दिला.

“नळी तुमची?”

“हो.”

“स्प्रिंग? दांडा?”

टर्नर फरशीकडे बघत राहिला. “मुलीच्या डब्यात होते.”

“मुलीने केले?” बाईंनी पेन खाली ठेवलं. “हे बघा, तुम्ही आपणहून आलात, म्हणून मी अजून लिहायला घेतलं नाही. नुसती नळी असती तर तुम्हाला कळलं नसेल, हे मीही धरून चालले असते. पण तिन्ही वस्तू तुमच्याच घरात आहेत. म्हणजे तुम्ही हत्यारच जुळवत होता, असं मी लिहिलं तर त्यात माझं काय चुकेल? नळी एकाने, स्प्रिंग दुसऱ्याने, अशी वाटणी होती, हे दाखवणारा कोणी आहे का?”

बायकोने टर्नरकडे पाहिलं. त्याने मान हलवली, अगदी थोडी, तिच्यापुरती. लग्नाला आलेला तो मित्र, मुंगीच्या जन्माच्या वेळी रिक्षा शोधत धावलेला मित्र. तिला हे सगळं आठवलं. आणि दहा वर्षंही.

“शब्द तुम्ही दिलात,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी नाही दिलेला.” मग बाईंकडे वळली. “आमच्या समोर स्प्रिंगचं दुकान आहे. त्यांच्याकडून आलेत. त्यांनाही माहीत नव्हतं. शपथेवर सांगते, नव्हतं.”

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

बाईंनी स्प्रिंगवाल्याला आणायला हवालदाराला सांगितलं. हवालदार टोपी घालून दाराबाहेर गेला आणि लगेच परत आला. “बाई, तो इथेच आहे. पायरीवर उभा आहे.”

आधी सासूबाई आत आल्या. त्यांच्या मागोमाग स्प्रिंगवाला, हातात दुधाची बरणी, बरणीत स्प्रिंगा.

“काकू, सोडा मनगट. आलोय ना.”

“कधीचा आलाय,” सासूबाई बाईंना म्हणाल्या. “याच्या दुकानात जाऊन बसले. म्हटलं, शटर ओढ, मी हलत नाही. मला आत घेऊन ओढलंस तरी चालेल. तेव्हा निघाला. आणि इथं येऊन पायरीला चिकटला.”

खिडकी उघडी होती. पायरीवरून आतलं सगळं ऐकू जात होतं. स्प्रिंगवाल्याने टर्नरच्या बायकोकडे पाहिलं.

“वहिनी, एवढी घाई होती होय?”

ती म्हणाली, “हो.”

तो खुर्चीवर बसला. बरणी टेबलावर ठेवली. “लिहा बाई. स्प्रिंगा माझ्या. करायला सांगणारा तोच, इस्त्रीच्या शर्टाचा. माझ्याकडे तो पंप म्हणाला नव्हता. माझ्याकडे कुलूप म्हणाला.” आणि मित्राकडे न बघता, “याला अक्कल नाही, पण हा खोटं बोलत नाही. तेही लिहा.”

बाईंनी पेन उचललं. “तुम्ही बोलावल्यावर आलात की स्वतःहून?”

हवालदार घोटाळला. टर्नरच्या बायकोने मान खाली घातली.

“स्वतःहून,” बाईच म्हणाल्या. “हवालदार जागचा हलायच्या आधी तुम्ही पायरीवर होता. हे तुमच्या कामाला येईल.”

लिहायला वेळ लागला. गुरुवारी पंपवाला माल न्यायला येणार होता, तेव्हा दोन्ही दुकानं नेहमीसारखी चालू ठेवायची आणि साध्या कपड्यांतली माणसं गल्लीत असणार, असं ठरलं. पुढे कोर्टात साक्ष द्यावी लागणार होती. नवऱ्याने विचारलं, “आणि आम्हाला शिक्षा?” बाई म्हणाल्या, “कोर्टाच्या वतीने मी बोलू शकत नाही. पण दहा वर्षं ठेवलीत ती त्याच्यासारख्यासाठी. आजच्या कागदावर तरी तुम्ही दोघं साक्षीदार आहात.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “पुढच्या वेळी विचारत जा हो.”

“गिऱ्हाईक जातं,” दोघं एकदमच म्हणाले.

“जाऊ दे,” सासूबाई म्हणाल्या.

घरी परतताना स्प्रिंगवाल्याने मुंगीला खांद्यावर घेतलं होतं. काचेचा गोळा परत द्यायला लागला म्हणून ती रडून रडून मऊ झाली होती. तो पुढे चालत होता. टर्नर त्याच्या बरोबरीने चालायला बघे, की स्प्रिंगवाला पावलं वाढवी; टर्नर मागे पडे, की तो हळू होई. ती दोघांच्या मागे, सासूबाईंचा हात धरून.

“मुंगे,” स्प्रिंगवाला मागे न बघता मोठ्याने म्हणाला, “तुझ्या आईला सांग, मी बोलत नाहीये तिच्याशी. आणि गुरुवारी तो येईल तेव्हा तुला घेऊन वरच थांबायचं. गॅलरीतसुद्धा यायचं नाही म्हणावं.”

मुंगीने त्याच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं आणि जांभई दिली.

“काकांना सांग, थांबेन,” ती म्हणाली. “पण तुझी आजी आत्तापासून खाली बसायला खुर्ची कुठे ठेवायची ते ठरवतेय. तिला तेवढं त्यांनीच आवरावं.”

स्प्रिंगवाल्याचे खांदे हलले. हसला की मुलीला नीट घेत होता, हे मागून कळण्यासारखं नव्हतं. त्याने पाठ तशीच ठेवली, पण पावलं हळू केली, आणि टर्नर त्याच्या शेजारी येऊन चालू लागला.