रविवारपर्यंत

लेकीचा मेसेज आला, इंग्रजीत. आता ती आईलाही इंग्रजीतच लिहिते; बोटांना सवय लागलीय म्हणे. 'विल बी विथ यू बाय संडे.' मी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेमला बसवते, पण इंग्रजी अगदीच येत नाही असं नाही. बाय म्हणजे पर्यंत. रविवारपर्यंत तुझ्याकडे असेन. अगंबाई, म्हणजे शनिवार-रविवार राहायला शुक्रवारीच येणार की!

मालकांकडे रजा मागितली. "तुम्ही आणि रजा? सूर्य कुठे उगवला आज?" ते म्हणाले.

"लेक येतेय राहायला," मी तोऱ्यात सांगितलं.

शुक्रवारी गादीला ऊन दाखवलं, तिच्या पलंगावर नवी चादर घातली. दार वाजलं की धावायची. एकदा गॅसवाला, एकदा खालची शेजारीण. फोन मुद्दामच केला नाही. 'कुठे आहेस' विचारलं की बाईसाहेबांच्या कपाळाला आठी पडते. शनिवारी तिला मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या घातल्या आणि लगेच परतही घेतल्या. तिच्या वाटणीचं मीच जेवले. इतकं एकटं मला एरवी, खरंच एकटी असताना, वाटत नाही.

रविवारी पाचच्या सुमारास ती आली. हातात एवढीशी पर्स.

"सामान कुठाय?"

"हॉटेलवर. उद्या सकाळी मीटिंग आहे." तिला पलंग दिसला. "कोणी येणार आहे का गं, आई?"

माझा तोलच गेला. "तूच येणार होतीस! परवापासून डोळे लावून बसलेय. रविवारपर्यंत राहते म्हणालीस ना?"

"अगं, बाय संडे म्हटलं होतं. म्हणजे रविवारपर्यंत पोचते. राहायचं असतं तर टिल लिहिलं असतं."

"आपल्यात दोन्हीला पर्यंतच म्हणतात!"

ती हसायला गेली, पण माझा चेहरा पाहून तिने पर्स खाली ठेवली. मीही जीभ आवरली. भांडत बसले तर आहे तो वेळही जायचा. तिला पलंगावर बसवलं, पाणी दिलं. मग न राहवून विचारलंच, "किती वेळ आहेस?"

तिने फोनकडे पाहिलं. "सहापर्यंत."

"सहापर्यंत राहतेस, की सहापर्यंत निघतेस?"

नव्या चादरीची सुरकुती हाताने सारखी करत ती म्हणाली, "निघते."