नानांचा उत्तररंग

नानांनी पूर्वरंग संपवून पाण्याचा घोट घेतला, तेव्हा मागे उभ्या काशीरामचा ऊर भरून आला. भांडुपच्या मैदानावर दुपारच्या उन्हात चार हजार माणसं नानांच्या तोंडाकडे बघत होती आणि त्या तोंडातला शब्द न् शब्द काशीरामच्या हातचा होता.

काशीराम बेअरिंगच्या कारखान्यात हजेरी मांडणारा साधा कारकून. पण कीर्तनाचं वेड असं, की देवळात बुवा उभे राहिले की हा झांज घेऊन मागे हजर. त्याच देवळात चोवीस वर्षांपूर्वी नाना, तेव्हाचे गिरणीतले बदली कामगार, त्याला म्हणाले होते, "काशा, मी नगरसेवकासाठी उभो रवतंय. पण माका बोलूक येणा नाय रे."

काशीरामने त्यांना एकच युक्ती शिकवली. भाषण कीर्तनासारखं करा. आधी पूर्वरंग, म्हणजे तत्त्व. मग उत्तररंग, म्हणजे त्या तत्त्वाला धरून आख्यान. मध्ये थांबलात की मी मागून धरीन. तसंच चाललं. नाना थांबायचे, काशीराम मागून ललकारायचा, "मग काय करायचं, नाना?" आणि सगळं मैदान तेच विचारायचं. नगरसेवकाचे आमदार झाले, आमदाराचे उद्योगमंत्री झाले. बोलणं, चालणं, सगळं बदललं. काशीरामशी मात्र नाना अजून मालवणीतच बोलायचे.

आता सरकारी महामंडळासाठी जपानहून बेअरिंग आणायची बोलणी चालली होती. करार झाला तर महामंडळालाच माल पुरवणारा भांडुपचा हा कारखाना बंद, चारशे माणसं घरी. आज सभेत सहीसाठी येणाऱ्या जपानी पाहुण्यांना कामगार काळे झेंडे दाखवणार होते. सकाळी काशीराम फाटकावर उभा राहिला आणि म्हणाला, "नाना सही करणार नाहीत. भाषण मीच लिहिलंय. माझा शब्द घ्या." पॅकिंग खात्यात काम करणाऱ्या सुगंधाताईने त्या शब्दावर सगळे झेंडे गोळा करून घेतले होते.

नानांनी पेला खाली ठेवला. पूर्वरंगात सांगून झालं होतं, की ज्याच्या घामावर आपण मोठे झालो त्याला विसरणं म्हणजे देवाला विसरणं. आता कारखान्याचं आख्यान यायचं. पण नानांनी खिशातून दुसराच कागद काढला.

"म्हणूनच, बंधूभगिनींनो, या घामाच्या लेकरांनी जगाच्या बाजारात मागे राहू नये!"

आणि थांबले. मान किंचित मागे वळवली.

काशीरामच्या तोंडून आवाज फुटेना. पण चोवीस वर्षांची सवय मैदानालाही लागली होती.

"मग काय करायचं, नाना?" पुढच्या रांगा आपणहून ओरडल्या.

"सही!" नाना म्हणाले. टाळ्यांच्या गजरात जपानी पाहुणे वाकले, नाना वाकले, आणि सही झाली.

व्यासपीठामागे काशीरामने त्यांना गाठलं. "नाना, ह्या काय केलात?"

नाना रुमालाने मान पुसत होते. "पूर्वरंग तुमचाच ठेवला, काशीराम. एक अक्षर हलवलं नाही."

"अहो, पण चारशे माणसं..."

"सोमवारी पक्षाच्या नेत्याची निवड आहे. आपलेच लोक माझे पाय ओढतायत. दिल्ली एकच विचारते, करार झाला का? तुम्ही समजून घ्या."

पुढेही ते बरंच बोलले. काशीरामच्या कानात 'तुम्ही' तेवढं राहिलं. पूर्वरंग एकाचा आणि उत्तररंग दुसऱ्याचा, असं कीर्तन त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

तो चालत कारखान्यावर गेला. फाटकाजवळ ताडपत्रीच्या सावलीत माणसं दाटीने बसली होती. सहीची बातमी त्याच्या आधीच पोचली होती.

"वाट लावलीस ना आमची!" टर्नर रतन ओरडला. "झांजा वाजव आता, जा!"

सुगंधाने त्याला हाताने गप्प केलं. "काशीरामभाऊ, खरं सांगा. ते भाषण तुमचं होतं?"

अर्धं, असं म्हणता आलं असतं. ते खरंही होतं.

"माझंच होतं, ताई."

सरकून जागा कुणी केली नाही. काशीरामने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि सावली संपत होती तिथे, उन्हात, मांडी घालून बसला.