अजून पुष्कळ हवेसे वाटणे

मित्रांनो, मी इंग्रजी वाक्प्रचारांचा एक जुना कोश आहे. आज बोलतो आहे तो फुशारकी मारायला नव्हे. मला माझी लाज वाटते, म्हणून बोलतो आहे.

माझ्या छपाईची शाई वाळते न वाळते तोच मी एका इस्पितळातल्या मोठ्या सिस्टरांच्या टेबलावर आलो. तिथे वीस वर्षे माझा थाट होता. "विचारा आमच्या पंडितांना," असे त्या म्हणत, आणि मी फुगून जाई.

एकदा त्यांच्या हाताखालच्या धाकट्या सिस्टरने दुसऱ्या, मोठ्या इस्पितळात अर्ज केला. शिफारसपत्र मोठ्या सिस्टरांनी इंग्रजीत लिहायचे होते. पोरीवर त्यांचा फार जीव, त्यामुळे साधे शब्द त्यांना पुरेनात. माझी पाने चाळताना त्यांना 'लीव्ह मच टू बी डिझायर्ड' सापडले. समोर मी नुसता अर्थ दिला होता, 'अजून पुष्कळ हवेसे वाटणे'. वाक्य एकही नाही.

"अगदी खरं! हिचं काम कितीही बघा, अजून हवंसंच वाटतं," म्हणत त्यांनी ते शब्द पत्रात घातले.

खरा अर्थ असा, की कामात बरीच उणीव आहे. पुस्तकाला ओरडता येत नाही, ही सबब मी स्वतःला किती वेळा दिली, सांगता सोय नाही.

आठवड्याने नकार आला. 'आपल्या वरिष्ठांचाच अभिप्राय प्रतिकूल आहे' असे लिहून खाली तेच शब्द दिले होते. त्यानंतर धाकटी सिस्टर मोठ्या सिस्टरांशी कामापुरतेच बोलू लागली. शेवटी एके दुपारी तिने तो कागद टेबलावर ठेवला.

"ताई, माझ्यात एवढं कमी होतं, तर तोंडावर सांगायचं होतंत."

"कमी? अगं, मी तर तुझं तोंडभर कौतुक केलंय! हे बघ." त्यांनी मला उघडून त्या ओळीवर बोट ठेवले.

धाकटीने वाचले आणि हळूच खरा अर्थ सांगितला. मोठ्या सिस्टरांचा चेहरा खर्रकन उतरला. "तुझी जागा मी घालवली गं."

"जागा गेली ती गेली," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "तुम्हाला मी कामाची वाटत नाही, हे मला सोसवत नव्हतं."

मग ताईंच्या सांगण्यावरून तिने माझ्या समासात पेन्सिलीने एक इंग्रजी वाक्य लिहिले. त्याचा अर्थ, 'या कोशात बरीच उणीव आहे.' वाक्प्रचार तोच, आणि वापर अगदी अचूक.

मित्रांनो, नवा वाक्प्रचार लिहिण्याआधी तो एखाद्या वाक्यात बसलेला पाहून घ्या. माझ्याकडे दाखवायला आता एक वाक्य आहे, आणि ते माझ्याबद्दलच आहे.