सायीचा आळ

साय कोण खातं यावरून त्या घरात सकाळी सकाळीच जुंपली. थोरल्याची बायको दुधाचं पातेलं घेऊन अंगणात आली आणि म्हणाली, "बघा, चाटूनपुसून नेली. आणि मांजराला काही झाकण काढता येत नाही."

मांजर सुटलं म्हटल्यावर राहिली माणसं. थोरल्यानं धाकट्या भावाकडे पाहिलं. धाकट्याला सगळं गाव काडीपैलवान म्हणायचं, पण हल्ली गड्याचं तोंड असं भरलं होतं की भेटेल तो म्हणायचा, "मानवलं बाबा तुला." गाल टम्म, डोळे बारीक. दोघा भावांत मिळून चांगला सदरा एकच. त्याचं गळ्याचं बटण आता धाकट्याला लागत नव्हतं.

"आरशात बघ एकदा," थोरला म्हणाला.

"दादा, मी सायीला हात लावत नाही."

"मग काय वाऱ्यावर फुगलास?"

धाकट्याची बायको बोलली, मग थोरल्याची बोलली, मग जुनी मढी उकरून झाली. म्हातारी आई भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. दुपारपर्यंत भांडण सायीवरून शेतावर गेलं. थोरला म्हणाला, "रोजची कटकट नको. मधोमध बांध घालू. तुझं तुला, माझं मला."

खुंट्या ठोकायला दोघंच गेले. ऊन मी म्हणत होतं, माती तापून दगड झाली होती. दोरी थोरल्याच्या हातात, हातोडा धाकट्याच्या. धाकटा वाकला, दोनचार घाव घातले आणि मटकन बसला. परत वाकला. तोंड जांभळं पडलं, मानेच्या शिरा बोटाएवढ्या तटतटल्या.

"सोंगं पुरे," थोरला म्हणाला.

"वाकलं की डोकं फुटेल असं होतं, दादा. आडवं पडलं की दम कोंडतो. बसूनच झोपतो मी."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळे म्हणत होते तब्येत सुधारली. म्हटलं, सुधारताना असंच होत असेल."

घाम पुसायला त्यानं अंगातला सदरा काढला. छातीवर निळ्या शिरांचं जाळं होतं. त्याखाली सगळ्या बरगड्या उघड्या, आणि विजार सुतळीनं बांधलेली. साय खाल्लेला माणूस मानेच्या वरतीच कसा फुगेल, हे थोरल्याच्या टाळक्यात तेव्हा शिरलं. दोरी तिथंच टाकून त्यानं भावाला फटफटीवर घातलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी छातीचे फोटो काढले, गाठीचा तुकडा तपासायला धाडला आणि थोरल्याला समोर बसवलं. "छातीत गाठ आहे. डोक्याकडचं आणि हातांकडचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर तिच्या शेजारूनच जाते. तिची भिंत पातळ, आतल्या रक्ताला जोर कमी. गाठ रेलली की शीर चेपते आणि रक्त वरच तुंबतं. मग ते बारीक शिरांतून वाट काढतं, ते छातीवरचं जाळं."

"म्हणजे पाण्याच्या पाइपवर कुणी उभं राहिलं."

"तसंच."

"साय खाऊन होतं का हे?"

"नाही."

थोरल्यानं जरा वेळ टोपी चाचपली. "चोरून खाल्ली तरी?"

"तरी नाही," बाई म्हणाल्या. "या जातीची गाठ औषधाला ऐकते. बरा होईल असं वाटतं. अजून उशीर केला असता तर असं म्हटलं नसतं."

औषध सुरू झालं आणि तोंडाची सूज हळूहळू उतरली. केस गेले, गाल बसले. गाव म्हणालं, "चांगला सुधारला होता, दवाखान्यानं वाळवला." थोरल्यानं सदऱ्याचं बटण भावाच्या गळ्याशी स्वतः लावून पाहिलं, काढलं, परत लावलं. खुंट्या केव्हाच चुलीत गेल्या होत्या.

त्या संध्याकाळी वहिनीनं धाकट्यापुढं दुधाचा पेला ठेवला. वर जाड साय.

"साय मी खात होते," आई भिंतीशी बसून म्हणाली. "तोंडात दात नाहीत. दुसरं मऊ काय मिळतं या घरात?"

"मग तेव्हा का बोलली नाहीस?" थोरला म्हणाला.

"तुम्ही कुणी बोलू दिलंत?"

धाकटा पेल्याकडे बघत बसला होता. साय बघितली की त्याला लहानपणापासून उमासे येत. हे घरात सगळ्यांत जास्त कुणाला ठाऊक असेल तर थोरल्याला, कारण धाकट्याच्या वाट्याची साय खाऊनच तो मोठा झाला होता. थोरल्यानं बोट घालून पेल्यातली साय उचलली आणि आपल्या तोंडात टाकली.

"पी आता," तो म्हणाला. ती गिळायला त्याला बराच वेळ लागला.