किसनरावांच्या गादीखाली

मित्रांनो, जुनी छत्री बोलते, जुना रेडिओ बोलतो, मग मीच का गप्प बसू?

मी एक पट्टी आहे. हातभर लांब, चार बोटं रुंद, आत तारांची जाळी. गादीखाली अंथरली की वर माणूस आडवा झालेला मला कळतो, उठलेलाही कळतो. शहरातल्या घरांत माझा मोठा मान. माणूस निजला की मी दिवा मालवायला लावते, उठला की पेटवायला. कारखान्यात माझ्यावर वाळूच्या पिशव्या आपटून माझी परीक्षा घेतली होती. प्रत्येक पिशवीला मी न चुकता 'माणूस' म्हटलं आणि पास झाले. तेव्हा सगळे खूश होते, हे ध्यानात ठेवा.

पुण्यात घरोघरी अशी यंत्रं बसवणाऱ्या राजकुमारने मला दसऱ्याला गावी आणलं, वडनेर भोलजीला. त्याचे वडील किसनराव शिमग्यात मोडलेली मांडी नीट सांधली नाही म्हणून अजून पलंगावरच होते. मांडी मोडली होती सख्ख्या भावाने.

लहान भाऊ कचरू कापूस वेचून झाला तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायचा नाही. पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायचा. याला फरदड म्हणतात. तिच्यात गुलाबी बोंडअळी सुखाने नांदते आणि पुढच्या हंगामात शेजारच्या वावरात शिरते. बीटीचं बियाणं आलं तेव्हा आता अळीचं नावच नको, असं सगळे म्हणत होते. अळीने काही ते ऐकलं नव्हतं. किसनरावांचा कापूस लागोपाठच्या हंगामांत सडला आणि शिमग्याच्या सुमारास एका दुपारी ते कचरूच्या वावरात घुसून उभी पऱ्हाटी उपटू लागले.

"माह्यं वावर, माही पऱ्हाटी! तू कोण बे?" असं ओरडत कचरूने बैलगाडीची उभारी, म्हणजे बाजूचा उभा दांडा, त्यांच्या मांडीवर घातली. हाड मोडल्याचा आवाज धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बायकांनी ऐकला. मला वाटतं, थोरल्या भावाला 'बे' म्हटलेलं किसनरावांना हाडापेक्षा जास्त लागलं.

राजकुमार मला गादीखाली सरकवत म्हणाला, "आई, बाबा उठले की तुह्या मोबाइलवर घंटी वाजीन. पडायचं भेव नाही."

पुष्पाबाईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पडतीन याचं भेव नाही रे मले. कुऱ्हाड घेऊन कचरूच्या वावरात जातीन, याचं भेव हाये."

तेव्हा मला माझं खरं काम समजलं. दिवे लावणं हे निमित्त होतं. मी एका खुनाच्या वाटेवर आडवी पडले होते.

आणि तो खून माझ्या अंगावर रोज घडायचा. किसनराव गादीवर मुठी आपटायचे, "असा हानीन, असा!" म्हणायचे, आणि प्रत्येक मूठ माझ्या तारांवर बसायची. एकदा भाकरीचं ताट त्यांनी असं भिरकावलं की भिंतीचा पोपडा उडाला आणि पुष्पाबाईंच्या कपाळातून रक्त आलं. त्या कुऱ्हाड लपवत, पण विळा उरे. विळा लपवला तर उभारी. शेतकऱ्याच्या घरातलं काय काय लपवायचं? पुढे काठी टेकत ते चालू लागले, तेव्हा तर माझ्यावाचून पुष्पाबाईंचं पानच हलेना. वेचणीला गेल्या तरी मोबाइल कमरेला. घंटी वाजली की मजूर बायका हसायच्या, "पुष्पाबाई, मालक उठले वं!" आणि त्या घराकडे धावायच्या. मी एकदाही चुकले नाही.

कापूस घरी येऊ लागला. आमच्याकडे भाव वाढेपर्यंत तो घरातच ठेवतात. आधी ओसरी भरली, मग माजघर, मग किसनरावांची खोली. त्यात अवकाळी पाऊस झाला आणि भुईला ओल आली.

"थोडसाक सरका बरं," पुष्पाबाई म्हणाल्या. "खाली कापूस भिजते." आणि दाबून बांधलेलं एक भलंमोठं गाठोडं त्यांनी पलंगावर, किसनरावांच्या कुशीला ठेवलं. माझ्या निम्म्या अंगावर किसनराव, निम्म्या अंगावर कापूस. मग त्या वेचणीला गेल्या.

किसनरावांनी पडल्या पडल्या गाठोड्यात हात घातला. बोटांना काहीतरी मऊ लागलं. त्यांनी हात बाहेर काढला, तर तळहातावर गुलाबी अळी वळवळत होती.

त्यांनी ती चिरडली. ओरडले नाहीत, मूठही आपटली नाही. त्या शांततेची मला भीती वाटली. ते उठले. कुऱ्हाड कापसाच्या ढिगात लपवली होती, ती त्यांना सापडली. आणि मी? माझ्या अंगावर वजन होतं, मित्रांनो. मी म्हटलं, माणूस आहे.

पुढचं मी नंतर ऐकलं. पुष्पाबाईंना लांबून धुऱ्यावर एक लंगडा माणूस दिसला. त्यांनी मोबाइल काढून पाहिला. त्यावर निजलेल्या माणसाचं हिरवं चित्र होतं.

"फोन तं म्हणते झोपले हायेत," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा कापूस वेचू लागल्या. आपल्या डोळ्यांवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी.

मग कचरूच्या वावरातून किंकाळी आली. त्या पोचल्या तोवर पहिला घाव कचरूच्या खांद्यात, दुसरा मानेत बसला होता. पांढऱ्या बोंडांवर रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या होत्या. "दादा, नोको!" एवढंच कचरू म्हणू शकला. इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडी 'दादा' आलं, आणि मलकापूरच्या दवाखान्यात नेताना वाटेतच त्याने प्राण सोडला. किसनरावांना पोलिसांनी तिथूनच नेलं.

दिवस मावळायच्या आत पुष्पाबाई खोलीत आल्या. थेट पलंगाकडे गेल्या. मग ते गाठोडं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं.

त्यांच्या कमरेला घंटी वाजली.

मला दोष देऊ नका. मला वजन कळतं, माणूस कळत नाही, आणि हे मी कधी लपवलं नव्हतं. तरी ती घंटी माझ्या तारांतून अजून जात नाही.

आता त्या पलंगावर पुष्पाबाई निजतात. सकाळी त्या उठल्या की घंटी पुण्यात राजकुमारच्या मोबाइलवर वाजते. ती ऐकूनही तो फोन करतो, "आई, उठली का?" आणि तिचा आवाज ऐकल्याशिवाय ठेवत नाही. मला त्याचा राग येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला कोरडी ठेवा, दुमडू नका, आणि तिने काहीही सांगितलं तरी एकदा खोलीत डोकावून या.