डाव्या दारामागची तार

मी एका लहानशा निळ्या गाडीच्या पुढच्या डाव्या दाराचा आतला पॅड बोलतोय. तुम्ही गाडीत बसलात की तुमचं कोपर माझ्यावर टेकतं, माझ्याच मुठीला धरून तुम्ही दार ओढता. वर रेक्झिन, खाली बोटभर फोम, त्याखाली पुठ्ठ्यासारखी दाबलेली फळी, एवढाच मी. पण दाराच्या पोटात काय चाललंय ते माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. म्हणूनच मी भित्रा झालो.

कारखान्यातून निघालो तो थेट गिरगावात. चिंतामणी नावाचे वकील आमचे पहिले मालक. दर रविवारी ओल्या फडक्याने मला पुसायचे, आणि चपला झटकल्याशिवाय कुणाला आत बसू द्यायचे नाहीत. पुढे डोळ्यांना कमी दिसायला लागलं, तेव्हा त्यांनी गाडी नायगावच्या धनेशला विकली. शेवटच्या दिवशी माझ्यावरून नुसता हात फिरवला.

धनेश हौशी माणूस. त्याने सेंट्रल लॉक बसवून घेतलं. बटण दाबलं की चारही दारांच्या खुंट्या एकदम खाली! बसवणाऱ्याने माझ्यामागच्या पत्र्याला भोक पाडलं, त्यातून तारा ओढल्या आणि भोकाच्या धारेला रबर न लावताच मला जागेवर दाबून टाकलं. तेव्हापासून दार आपटलं की एक तार त्या धारेवर घासायची. रोज थोडी थोडी. मला ते जाणवायचं, पण सांगणार कसं?

व्हायचं ते दादरला झालं. एप्रिलमधली भर दुपार. धनेशची बायको अक्षदा गाडी चालवत होती, शेजारी त्यांची चार वर्षांची लेक पूर्वी. एसी चालू म्हणून काचा बंद. सासूबाईंसाठी वेणी घ्यायला अक्षदाने फूलवालीसमोर गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, चावी तशीच ठेवली. “बस हां पिल्लू, आलेच,” म्हणत उतरली आणि सवयीने आपल्या बाजूचं दार लोटलं. त्या धक्क्याने माझ्यामागची सोललेली तार पत्र्याला टेकली.

खट!

चारही खुंट्या खाली गेल्या. फुलं घेऊन अक्षदा वळली, दार ओढलं, तर ते उघडेना.

“पूर्वी, ती काळी खुंटी वर ओढ! वर, बाळा, वर!”

पूर्वीने माझ्यावर गुडघा रोवून खुंटी वर ओढली. खट. खुंटी पुन्हा खाली. पुन्हा ओढली, पुन्हा खट. एवढंसं पोर, त्याला वाटलं कुणीतरी आतून खेचतंय. ते किंचाळलं. नखांनी मला ओरबाडायला लागलं, रेक्झिन फाटलं, फोम बाहेर आला. मग ते माझ्यावरच ओकलं. काचेतून ऊन आत ओतत होतं. हळूहळू पूर्वीचं रडणं बारीक झालं आणि थांबलं. त्या शांततेइतकं मी कशालाच घाबरलो नाही.

शेजारचा शहाळेवाला कोयता घेऊन धावत आला. “बाजू हो ताई!” कोयत्याच्या पाठीने त्याने उजवी काच फोडली. अक्षदा कमरेपर्यंत आत घुसली आणि पोरीला खिडकीतूनच ओढून बाहेर काढलं. आपला दंड कापलाय, हे अक्षदाला बऱ्याच वेळाने कळलं.

पूर्वी वाचली. पण घरात ती दुपार संपेना.

“चेडवाक एकटा सोडून खंय गेललंस गो?” सासूबाई, कमलाबाई, पोरीवरून उठता-बसता विचारायच्या.

“लॉक दाबून उतरली असशील. होतं असं घाईत,” धनेश म्हणायचा. समजुतीनेच म्हणायचा, तरी ते टोचायचं.  हळूहळू अक्षदालाही तेच खरं वाटायला लागलं.

नवी काच बसली, पण पूर्वी गाडीकडे बघेना. धनेश म्हणाला, “विकून टाकू यार. नाहीतर भंगारात देऊ.” भंगार! माझ्या काळजाचं पाणी पाणी झालं. आणि विकली तर? ती तार घेऊन मी दुसऱ्या कुणाच्या पोरापाशी जाणार. यातलं अधिक भयंकर काय, मला ठरवता येईना.

“विक,” अक्षदा म्हणाली. “पण हे ओरखडे मी कुणाला दाखवणार नाही. रेक्झिन मी स्वतः बदलते.”

माहीमहून तिने करडं रेक्झिन आणि फोम आणला. मोबाइलवर व्हिडिओ लावून एका रविवारी सकाळी पान्हे घेऊन बसली. आधी चारही काचा खाली केल्या, चावी काढून पदराच्या गाठीला बांधली.  काच फिरवायचं हॅण्डल निघालं, मुठीचे स्क्रू निघाले, आणि पेचकस घालून एकेक क्लिप उचकटत तिने मला दारापासून सोडवलं.

फुटपाथवर उताणा पडून मी दाराकडे बघत होतो. तारांवर प्लास्टिकचा कागद चिकटवलेला होता. तो काढायची तिला काही गरज नव्हती. तिने माझं जुनं रेक्झिन सोललं, फळी घासून उन्हात वाळवली, नवा फोम बसवला. करडं रेक्झिन माझ्या अंगाहून चार बोटं मोठं कापलं, ब्रशने चिकटवायचं सोल्यूशन फासलं, मधोमधून कडांकडे तळव्याने दाबत नेलं. कडा मागे दुमडून पिना मारल्या. एका कोपऱ्यात चुणी राहिली. मी नवा झालो, आणि मनात ओरडत होतो: बाई, तो कागद उचल! मला बसवलंस की पुन्हा सगळं झाकलं जाईल.

तिने मला उचललं, दाराला लावलं. क्लिपा बसेनात, कागदाचा एक कोपरा सुटून मध्ये येत होता. वैतागून तिने तो टरकन ओढला. आणि थांबली. भोकाच्या धारेशी तारेचं तांबं चमकत होतं.

तिने ब्रशच्या लाकडी दांड्याने तार हलकेच सरकवली.

खट!

चारही खुंट्या खाली. अक्षदा किंचाळून मागे पडली.

धनेश आणि कमलाबाई धावत खाली आले. अक्षदाने खुंटी वर केली, तार टेकवली. खट. पुन्हा वर केली. खट.

कमलाबाई फुटपाथच्या कडेवर मटकन बसल्या. “मी काय काय बोललंय गो तुका,” एवढंच म्हणाल्या.

“मी दाबलं नव्हतं,” अक्षदा म्हणाली, आणि त्या दुपारनंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली.

धनेश तारेकडे बघत म्हणाला, “मी ही गाडी दुसऱ्या कुणालातरी विकत होतो.” त्याच दिवशी त्याने वायरमन आणून ते लॉक मुळासकट काढून टाकलं.

गाडी अजून विकलेली नाही. ओरखडे गेले, वास गेला. मात्र कुणी दार जरा जोरात लावलं की अजूनही माझ्या सगळ्या पिना थरारतात. लोकहो, मूल आत असेल तर एका क्षणासाठीसुद्धा चावी गाडीत ठेवून उतरू नका. आणि आणखी एक मागणं आहे.

काल पूर्वी आपणहून आली. माझी मूठ धरून सीटवर चढली, एक पाय बाहेरच ठेवून बसली.

“लावू का दार?” अक्षदाने विचारलं.

पूर्वीने जोरात मान हलवली. नको.

“बरं,” म्हणाली अक्षदा, आणि उघड्या दारापाशी खाली फुटपाथवर बसून राहिली. पोर नको म्हणालं, तर तुम्हीही असंच करा.