सोनार आला कुठून?

कादंबरी इतकी टुकार होती की ज्याचा खून झाला तोच सुटला म्हणायचा. तीन निवृत्त मास्तरणी खुन्याच्या मागे लागतात आणि निम्मी गोष्ट एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढण्यात घालवतात. त्यांच्या पुढ्यात रक्ताने माखलेला सुरा पडला असता, तर तो धुऊन त्यांनी त्याने भाजी चिरली असती.

पण ही कादंबरी धाकट्या बहिणीने हौसेने निवडली होती. पडदे शिवायच्या दुकानात ती आणि ताई समोरासमोर मशीनवर बसत, आणि मध्ये रिळांच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमधून एक बाई गोष्ट वाचून दाखवत असे. आई गेल्यापासून दोघींमध्ये बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं. गोष्ट ऐकायची आणि खुनी कोण यावरून भांडायचं, एवढ्यावर त्यांचं घर चाललं होतं.

"मला तर पहिल्यापासून त्या सोनाराचाच संशय," ताई पडद्याला चुण्या घालत म्हणाली.

"कोण सोनार?"

"अगं, मागच्या दाराने येतो तो!"

मागच्या दाराने आला होता सुतार, तोही कडी बसवायला. धाकटी खो खो हसली. "ताई, लक्ष कुठे असतं गं तुझं?"

शेवटच्या प्रकरणात खुनी निघाला एक मावसभाऊ. तोवर त्याचं नावसुद्धा आलं नव्हतं. धाकटीचं डोकंच फिरलं. "हा कुठून उपटला? आपल्याला काय खुळं समजतात?" म्हणत तिने मोबाइल बंद करून टाकला. ताई मान खाली घालून शिवत होती. शिवण संपल्यावर तिने पाय थांबवला आणि कौतुकाने म्हणाली, "काय छान वाचते गं ही बाई! ऐकतच राहावंसं वाटतं."

दुकानात कसलाच आवाज नव्हता.

धाकटीला एकेक आठवू लागलं. हल्ली ताईच्या सुया मोडत होत्या. सुई बोथट झाली की मशीनचा आवाज बदलतो, आणि ताई तो आतल्या खोलीतून ओळखून "सुई बदल गं" म्हणून ओरडायची. हल्ली ती ओरडली नव्हती. गिऱ्हाईक बोललं की ती आधी धाकटीच्या तोंडाकडे बघायची. सगळं डोळ्यांसमोर होतं. मास्तरणींना हसणारी धाकटी त्यांच्यातलीच चौथी निघाली.

ती उठून ताईसमोर जमिनीवर बसली. "ताई, कधीपासून?"

ताईने तिचे ओठ पाहिले, मग काळा पडलेला मोबाइल पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"तुला कळलं असतं तर तू गोष्टी लावणं बंद केलं असतंस," ती म्हणाली. "मग आपण बोललो काय असतो?"

धाकटीला हुंदका आवरेना. ताईनेच तिचे डोळे पुसले. "रडू नकोस. खुनी कोण निघाला ते सांग."

"सोनार," धाकटी ओठ नीट हलवत म्हणाली.

"बघ! म्हटलं नव्हतं?" ताई हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज फुटला. "गोष्टी गेल्या तर जाऊ देत गं. पण तू 'ताई' म्हणतेस ना, ते आता ऐकू येत नाही."

धाकटीने तिला मिठी मारली, कानाला तोंड लावलं आणि "ताई" म्हणून हाक मारली. पुन्हा मारली, जोरात. ताई मान वळवून तिचे ओठ शोधत राहिली.